आपणच रोगी, आपणच वैद्य

(अवसरी बुद्रुक येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित प्रत)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या लोकसेवेविषयी प्रास्ताविकात पुष्कळ सांगून झाले आहे, आणि त्यात भर घालण्याचा अधिकार मजकडे नाही. तेव्हा मी थेट विषयाकडे वळतो. कारण विषयच असा आहे की, तो जाहीर झाल्यापासून चिटणीस काहीसे चिंतेत असल्याचे माझ्या कानावर आले आहे. संतवाङ्मय, सहकार, पाणी, ग्रामशिक्षण अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीत अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी मालिकेतला, जन्मालाही न आलेला डॉक्टर आणि त्याचे वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन, हे पान कोणी मांडले, असे कोणी विचारलेच तर चिटणिसांनी खुशाल माझ्याकडे बोट दाखवावे.

मालिकेचे नाव ‘हाउस’. अमेरिकेत ती १६ नोव्हेंबर २००४ रोजी सुरू झाली आणि २१ मे २०१२ रोजी संपली. आठ पर्वांत मिळून तिचे १७७ भाग झाले. इतर डॉक्टरांनी हात टेकलेल्या रोगांचे निदान करणारा डॉ. ग्रेगरी हाउस हा तिचा नायक. डेव्हिड शोअर या लेखकाने हे पात्र घडविताना शेरलॉक होम्स डोळ्यांपुढे ठेवला होता, आणि ते लपविण्याचा प्रयत्नही केला नाही: होम्सला कोकेन, तर हाउसला व्हायकोडिन, होम्सला डॉक्टर वॉटसन, तर हाउसला डॉक्टर विल्सन, राहत्या घराचा क्रमांकसुद्धा २२१ बी. व्हायकोडिन म्हणजे हायड्रोकोडोन हे अफूच्या कुळातले द्रव्य आणि आपल्या घरोघरच्या फडताळात सापडणारे पॅरासिटामॉल यांचे मिश्रण. मांडीच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून या डॉक्टरच्या उजव्या पायाचा बराचसा स्नायू मरून गेलेला असतो. म्हणून पायात कायमची वेदना, हातात काठी आणि खिशात गोळ्यांची नारिंगी बाटली. (जाता जाता सांगतो, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरावी हे आपल्याकडचा कोणताही अस्थितज्ज्ञ पहिल्याच भेटीत सांगतो, पण या महापंडिताची काठी दुखऱ्या बाजूच्याच हातात असते.)

आता मुद्दा. या डॉक्टरचे व्यसन कुणापासून लपलेले नाही. तो गोळी वर उडवून तोंडात झेलतो, पाण्याशिवाय गिळतो, सहकाऱ्यांसमोर, रोग्यांसमोर, रुग्णालयाच्या अधिष्ठात्या बाईंसमोर गिळतो. पहिल्याच पर्वात त्या बाई त्याला पैज घालतात: आठवडाभर गोळी न घेता राहून दाखवा. तो राहतो, परंतु कसा? वेदनेवरून लक्ष उडावे म्हणून खलातला बत्ता उचलून तो स्वतःच्याच हाताची बोटे ठेचून घेतो. आठवडा संपल्यावर तो काय म्हणतो? आपल्याला व्यसन आहे हे तो सरळ कबूल करतो, पण त्यामुळे काही बिघडत असल्याचे मात्र कबूल करीत नाही. कारण गोळी घेतली की वेदना थांबते, वेदना थांबली की काम होते, आणि काम झाले की रोगी वाचतो. इतकी तर्कशुद्ध कैफियत एखाद्या नामांकित वकिलालाही लिहून देता येणार नाही. आणि प्रेक्षक ती मान्य करतो! आपणही केली. बहुतेक भागांच्या अखेरीस रोगी बरा होऊन घरी जात असता त्याला बरे करणाऱ्याच्या खिशातली बाटली मोजत बसणारा प्रेक्षक कोठून यावा?

वकिलाचा उल्लेख आला, तो सहज आलेला नाही. मराठी रंगभूमीवर १९१९ साली आलेल्या राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला सुधाकर हाही वकीलच. बुद्धिमान, स्वाभिमानी, स्वतःच्या बळावर वर आलेला हा माणूस कोर्टातल्या मानभंगानंतर, सनद काही मुदतीपुरती रद्द झालेली असता, दारुड्या तळीरामाच्या हातून पहिला प्याला घेतो; आणि पुढे ज्या रेखीवपणे तो स्वतःच्या अधःपाताच्या पायऱ्या आपल्या मित्रापुढे उलगडून दाखवितो, तो रेखीवपणा पाहून माणूस थक्क होतो. सुधाकराला आपले काय होत आहे हे कळत नव्हते काय? त्या मित्रापेक्षा, रामलालापेक्षा, पत्नी सिंधूपेक्षा, नाटकगृहात बसलेल्या हजारो प्रेक्षकांपेक्षाही ते त्याला अधिक कळत होते. कळल्याने प्याला खाली ठेवला गेला काय? तळीराम अडाणी होता म्हणून बुडाला असे म्हणावे, तर सुधाकर शहाणा होता आणि तोही बुडाला. शहाणपणाचा उपयोग इतकाच झाला की, बुडण्याचे कारण त्याला उत्तम भाषेत सांगता आले.

माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मी आजच्या व्याख्यानात निरनिराळ्या बाजूंनी मांडणार आहे: विद्या ही व्यसनाची शत्रू आहे अशी आपली समजूत असते, वस्तुतः ती पुष्कळ वेळा व्यसनाचे वकीलपत्र घेते. वकील वकिलीच्या भाषेत घेतो, आणि डॉक्टर वैद्यकाच्या भाषेत घेतो. त्यातही डॉक्टरची गोष्ट न्यारी आहे. कारण वकिलाला दारू दुकानातून आणावी लागते, डॉक्टरला फक्त चिठ्ठीवर सही करावी लागते. फिर्यादी तोच, साक्षीदार तोच, आणि मुन्सफही तोच. अशा दरबारात निकाल कोणत्या बाजूने लागणार?

आपल्यापैकी तरुण मंडळी मनात म्हणत असतील की, त्या हाउसची बुद्धी तर त्या गोळ्यांच्या आधारानेच चालत होती. गोळ्या काढल्या असत्या तर रोगी मेले असते. मालिकेनेही हा संशय शेवटपर्यंत शिताफीने जिवंत ठेवला आहे. त्याचे उत्तर कल्पित डॉक्टरकडे मागण्यापेक्षा खऱ्या डॉक्टरकडे मागावे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचा पहिला मुख्य शल्यवैद्य विल्यम हॉल्स्टेड हा आधुनिक शस्त्रक्रियेच्या संस्थापकांपैकी एक. शस्त्रक्रियागृहात रबरी हातमोजे आणले ते याने, शल्यवैद्याला वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने तयार करण्याची निवासी पद्धत बसविली तीही याने. १८८४ साली कोकेनने डोळा बधिर करता येतो असे व्हिएन्नात सिद्ध झाले, तेव्हा ते औषध कोणत्या मज्जातंतूजवळ टोचले असता कोणता अवयव बधिर होतो हे पाहण्यासाठी हॉल्स्टेड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते स्वतःच्याच अंगात टोचून घेतले, आणि ते त्यात अडकले. कोकेन सोडविण्यासाठी त्याला मॉर्फीन देण्यात आले. मग मॉर्फीन सुटेना. जगाची समजूत अशी होती की, गृहस्थ पुढे बरा झाला. त्याचा स्नेही आणि त्याच रुग्णालयातला थोर वैद्य विल्यम ऑस्लर याने खरी हकीकत लिहून मोहोरबंद करून ठेवली होती. ती १९६९ साली उघडली गेली, तेव्हा मॉर्फीन चालूच राहिले होते हे जगाला कळले. हॉल्स्टेड वारला १९२२ साली!

मग हा दाखला हाउसच्या बाजूचाच झाला की! व्यसनी डॉक्टर, आणि तरीही थोर डॉक्टर. परंतु थोडे थांबा. कोकेनपूर्वीचा हॉल्स्टेड हा न्यूयॉर्कमधला धडाडीचा, मित्रांच्या गराड्यात रमणारा, झपाट्याने चाकू चालविणारा शल्यवैद्य होता. नंतरचा हॉल्स्टेड एकलकोंडा, संथ आणि माणसांना टाळणारा झाला. त्याची बुद्धी व्यसनाच्या आधी होती आणि व्यसनाला पुरूनही थोडी उरली. नदीला पूर आला असता जो पूल टिकला, तो पुरामुळे मजबूत झाला असे आपण म्हणत नाही. टिकलेल्याचे चरित्र लिहिले जाते. न टिकलेल्यांची नावे वैद्यक परिषदेच्या दप्तरातून कमी होतात, आणि त्यांची हकीकत मोहोरबंद करून ठेवणारा ऑस्लर प्रत्येकाला मिळत नाही.

येथवर ऐकून आपला असा ग्रह होईल की वेदना हे केवळ एक निमित्त आहे. तसे मला मुळीच म्हणायचे नाही, आणि या गावात तर नाहीच नाही. मंचरच्या बाजारात दिवसभर कांद्याच्या गोणी पाठीवरून वाहणारा हमाल रात्री औषधाच्या दुकानात येऊन, चिठ्ठीबिठ्ठी काही नसता, ‘अंगदुखीची दोन द्या’ म्हणून सुट्या गोळ्या घेतो. दुकानदार कात्रीने पट्टीचा कोपरा कापतो, नाव कापले जाते, मुदतीची तारीखही कापली जाते, आणि दोन निनावी गोळ्या चहाच्या घोटाबरोबर पोटात जातात. त्या माणसाची पाठ खोटी दुखत असते काय? ती गोळी बहुधा अफूच्या कुळातली नसते. ती नशा आणीत नाही, आणीत असेल तर जठराला व्रण आणि मूत्रपिंडाला इजा. (ही इजा किती दूरवर पोचते ते पाहा: डायक्लोफेनॅक हे असेच एक रोजच्या वापरातले वेदनाशामक, ते टोचलेल्या मेलेल्या जनावरांचे मांस खाऊन आपल्या देशातली गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन नष्टप्राय झाली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी घालावी लागली.) परंतु वेदना खरीच असते. तिच्याकडे लक्ष देण्यास कोणाला सवड नसते, म्हणून गोळी असते.

आणि याच्या उलट टोकाला जा. कर्करोगाने शेवटच्या अवस्थेत गेलेल्या म्हातारीच्या हाडांतली कळ पॅरासिटामॉलने थांबत नाही; तिला मॉर्फीनच लागते. भारत अफू पिकवितो आणि जगाला पुरवितो. परंतु १९८५ साली अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा आला, तेव्हापासून परवान्यांचा आणि नोंदवह्यांचा असा जाच झाला, आणि चूक झाल्यास कैदेचा असा धाक बसला, की रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडून दिले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट काहीशी मोकळी झाली, तरी तालुक्याच्या गावी मॉर्फीनची गोळी मिळविणे आजही सोपे नाही. म्हणजे ज्याने घेऊ नये त्याला वाट सापडते, आणि जिला मिळायलाच हवी ती विव्हळत मरते. व्यसनाच्या भीतीने मरणाऱ्याची वेदना नाकारणे यासारखे क्रौर्य नाही.

मालिकेच्या लेखकांना हे ठाऊक होते, आणि याबद्दल त्यांना पूर्ण गुण दिले पाहिजेत. पहिल्या पर्वातल्या एका भागात (त्याच्या लेखनासाठी शोअर यांना एमी पारितोषिक मिळाले) हाउस विद्यार्थ्यांपुढे स्वतःचीच केस कोणा तिऱ्हाइताची म्हणून सांगतो. पाय दुखू लागला तेव्हा तो वेदनाशामक मागत रुग्णालयात गेला होता, आणि हा नशेकरिता सोंग करीत असावा अशा संशयाने डॉक्टरांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केले; निदानाला तीन दिवस उशीर झाला, आणि तेवढ्यात स्नायू मेला. पाय कापण्यास त्याने नकार दिला. तेव्हा तो औषधाच्या गुंगीत असताना, ज्या स्त्रीला त्याच्या वतीने निर्णय घेण्याचे कुलमुखत्यारपत्र होते तिने मधला मार्ग पत्करून मृत स्नायू कापून काढण्यास संमती दिली. पाय राहिला आणि वेदनाही राहिली. म्हणजे ज्याला व्यसनी समजून वेदना नाकारली गेली, तो त्या नाकारण्यामुळेच जन्माचा वेदनाग्रस्त झाला, आणि वेदनाग्रस्त झाल्यामुळे व्यसनी. याहून तेढी गाठ कोणता नाटककार घालील?

पण पुढे काय होते तेही त्याच लेखकांनी दाखविले आहे. दुसऱ्या पर्वात वेदना असह्य झाली म्हणून तो मॉर्फीनसाठी हट्ट धरतो. अधिष्ठात्या बाई सुई टोचतात. त्याला आराम पडतो. आणि मग बाई सांगतात की, सुईत निव्वळ मिठाचे पाणी होते. तिसऱ्या पर्वात पोलिस त्याच्या मागे लागतात. तो विल्सन या मित्राच्या चिठ्ठीवर मित्राची खोटी सही करतो, मित्राच्या मृत रोग्याच्या नावच्या गोळ्या उचलतो, आणि व्यसनमुक्तीच्या वॉर्डात भरती होऊन तेथल्या नोकराला लाच देऊन गोळ्या चालूच ठेवतो. शेवटी न्यायाधीशापुढे त्याला वाचविण्यासाठी अधिष्ठात्या बाई दप्तरात फेरफार करून शपथेवर खोटे बोलतात. पाचव्या पर्वाअखेर तर असे होते की, त्या बाईंनी रात्रभर जवळ बसून आपल्या गोळ्या सोडविल्या अशी त्याची पक्की समजूत होते, त्या रात्रीची खूण म्हणून बाईंची ओठरंगाची कांडी तो हातात खेळवीत असतो, आणि मग त्याच्या ध्यानात येते की ती रात्र कधी झालीच नव्हती, आणि हातात कांडी नसून गोळ्यांची बाटली आहे. वेदना खरी होती. तरीही खोटी सही, लाच, खोटी साक्ष आणि भास हेही सारे खरे होते. ‘वेदना खरी की व्यसन खरे’ असा वाद आपण घालीत बसतो तोवर व्यसनी माणसाला मुदतवाढ मिळत राहते. दोन्ही खरी असू शकतात, एवढे मान्य केले की वाद संपतो आणि उपचार सुरू करता येतो.

उपचार कोणी करावा? १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल विल्सन नावाचा, नुकताच दारू सोडलेला एक शेअरबाजारातला माणूस बॉब स्मिथ नावाच्या दारुड्या शल्यवैद्याला भेटला. शस्त्रक्रियेच्या दिवशी हात कापू नये म्हणून घोट घेणारा, आणि झोपेची औषधेही घेणारा हा डॉक्टर सर्व उपचार जाणून होता. त्याला नवीन ज्ञान देण्यासारखे त्या शेअरवाल्यापाशी काहीही नव्हते. त्याने फक्त स्वतःची हकीकत सांगितली. डॉक्टरने १० जून १९३५ रोजी शेवटचा घोट घेतला, आणि त्या दिवसापासून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ मोजली जाते.

हीच गोष्ट आपल्याकडे घडली ती कोठे, हे सांगताना मला विशेष आनंद होतो. कारण ती घडविणारा माणूस आपल्याच मुलखातला. मंचर-नारायणगावावरून पुढे गेले की बाबाजी चैतन्यांच्या समाधीचे ओतूर लागते. अनिल अवचट १९४४ साली तेथे जन्मले. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेल्या या माणसाने दवाखाना थाटण्याऐवजी लेखणी हाती घेतली, आणि १९८० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दचा विळखा पडला तेव्हा पुड्या ओढणाऱ्या पोरांमध्ये जाऊन, त्यांच्याशेजारी बसून, त्यांच्याकडून ऐकून लेखन केले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले व मदतीस पुढे आले. अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. सुनंदाबाई १९९७ साली कर्करोगाने गेल्या, अनिल अवचट २०२२ च्या जानेवारीत गेले. केंद्र त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर चालवितात.

तेथली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तेथे समुपदेशन करणाऱ्यांत आणि व्यवस्था पाहणाऱ्यांत पूर्वीचे व्यसनी आहेत. आता कल्पना करा, एखादा पदवीधर, मोठ्या हुद्द्याचा माणूस तेथे दाखल होतो, आणि कैफियत सुरू करतो: माझी कंबर दुखते, माझ्यावर कामाचा ताण आहे, माझी गोष्ट इतरांसारखी नाही. समोर बसलेला असतो कधी काळी रिक्षा चालवीत गर्द ओढणारा माणूस. तो वाद घालीत नाही. कारण ही कैफियत त्याने स्वतःच शेकडो वेळा, फक्त कमी प्रतिष्ठित भाषेत, मांडलेली असते. मग तोच पदवीधर सकाळी झाडू हातात घेऊन आपल्या पाळीची खोली झाडतो. पुस्तकी ज्ञानाने सोडविता न आलेली गाठ त्या झाडूने सुटते असे मी म्हणत नाही. पण तेथे वकीलपत्र चालत नाही, हे खरे.

डॉक्टरांपुरते बोलायचे तर याचा पुरावाही आहे. अमेरिकेत व्यसनी डॉक्टरांसाठी राज्याराज्यांत देखरेखीच्या योजना आहेत: उपचार, मग पाच वर्षे केव्हाही बोलावून लघवीची तपासणी, आणि कसूर झाल्यास सनद धोक्यात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा ९०४ डॉक्टरांचा मागोवा घेतला गेला. ज्यांचे पुढे काय झाले ते कळले, त्यांच्यातले पाच वर्षांनंतर चारांपैकी तिघांहून अधिक डॉक्टर परवाना राखून काम करीत होते. सामान्य व्यसनी माणसाच्या मानाने हा निकाल फारच चांगला. डॉक्टरांची इच्छाशक्ती अधिक होती म्हणून काय? इच्छाशक्ती त्यांना आधीही होती. या वेळी निकाल दुसऱ्याच्या हाती होता.

आता आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या डॉक्टरकडे पाहा. तो एकटा असतो. रात्री दोनला दार वाजते, सकाळी आठला दवाखाना उघडायचा असतो. पाठ त्याचीही दुखते, झोप त्याचीही उडते, आणि औषधाचे कपाट हाताच्या अंतरावर असते. पेंटाझोसिन, ट्रॅमाडॉल ही नावे या सभेतल्या डॉक्टरांना मी सांगायला नकोत. ट्रॅमाडॉल २०१८ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. पण कायदा दुकानदाराची वही तपासतो, डॉक्टरचा चेहरा तपासीत नाही. शहरातल्या रुग्णालयात निदान एखादी परिचारिका कुजबुजते. इथे कोण कुजबुजणार? गावकरी डॉक्टरला देव मानतात, आणि देवाची तब्येत विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. तालुक्यातल्या डॉक्टरांनी आपापसात एवढा ठराव जरी केला की, कोणीही स्वतःसाठी वा घरच्यांसाठी स्वतः चिठ्ठी लिहायची नाही, शेजारच्या गावच्या डॉक्टरकडे जायचे, तरी पैसा न लागता मोठे काम होईल. ही दरखास्त मी या व्यासपीठावरून त्यांच्यापुढे ठेवतो.

राहिला आपला हाउस. मालिकेने त्याला मनोरुग्णालयात पाठविले, तेथून गोळ्यांविना बाहेर आणले, दीड-दोन वर्षे कोरडे ठेवले, आणि जिच्यावर त्याचे प्रेम बसले त्या अधिष्ठात्या बाईंच्या जिवाला धोका आहे असे कळताच पुन्हा गोळीकडे नेले. शेवटच्या भागात त्याचा मित्र डॉक्टर विल्सन याला कर्करोग झालेला असतो, आयुष्याचे पाच महिने उरलेले असतात. ते मित्राबरोबर घालविण्यासाठी हाउस एका जळत्या इमारतीत आपण मेलो असे भासवितो. त्याचा अंत्यविधी होतो, मित्र भाषणे करतात, आणि तो मोटारसायकलवरून विल्सनबरोबर निघून जातो. गोळ्या सुटल्या की नाही, याविषयी मालिका चकार शब्द काढीत नाही. मात्र कागदोपत्री मेलेल्या माणसाची सनद संपते. लेखकांनी हे योजून केलेले असो वा नसो, आठ वर्षे जे न्यायाधीशाला, पोलिसाला, अधिष्ठात्या बाईंना आणि मित्राला जमले नाही ते या एका कृत्याने झाले: डॉ. ग्रेगरी हाउसला यापुढे स्वतःच्या नावाने चिठ्ठी लिहिता येणार नव्हती.